तोंड वाकडे झाले तर

खंडाळ्याच्या घाटातला गार वारा आपल्या ओळखीचा. सकाळी चूळ भरताना पाणी एकाच कोपऱ्यातून ओघळले, एक डोळा मिटेना, हसताना तोंड एकीकडे गेले, की आपण म्हणतो, "वारं गेलं तोंडावरून!" मग शेक, मालीश, अंगारे. यातच मोलाचे दिवस जातात.

दोष वाऱ्याचा नव्हे, मज्जातंतूचा. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूचे स्नायू हलवणारा एक तंतू मेंदूपासून निघतो आणि कानाजवळच्या हाडातील अरुंद वाटेने बाहेर येतो. आपल्या बोरघाटातले, १८६३ साली आगगाडी सुरू झालेल्या मार्गावरचे बोगदे आठवा. बोगद्याची भिंत काही मागे सरत नाही. तंतूला सूज आली, की तो हाडात दाबला जातो आणि मेंदूचा निरोप चेहऱ्याला पोचत नाही. चार्ल्स बेल या शल्यवैद्याच्या नावावरून याला बेलचा पक्षाघात म्हणतात.

कानातली नागीण, कुष्ठरोग किंवा मार यांनीही हा तंतू दुखावतो. नटी ललिता पवार यांना १९४२ साली चित्रीकरणात जोराची चपराक बसली. चेहरा लुळा पडला, उपचारांना वर्षे लागली, डावा डोळा बारीकच राहिला. तरी पुढे त्यांनी पडदा गाजवलाच.

आता नीट ध्यानात ठेवा. रोग्याला भुवया वर करायला सांगा. त्या बाजूच्या कपाळावर आठी पडत नसेल, तर बहुधा तंतूचा विकार. आठी पडते, पण खालचे तोंड वाकडे आहे, तर दोष मेंदूत असू शकतो. कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हुकूम मिळतात. हात-पाय लुळे पडले, बोबडी वळली किंवा शंका आली, तर थांबू नका. १०८ ला फोन करून थेट मोठे इस्पितळ गाठा. तिथे एकेक मिनिट मोलाचे.

तंतूचाच विकार असला, तरी डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. सूज उतरवणाऱ्या गोळ्या पहिल्या ३ दिवसांत सुरू झाल्या तर गुण चांगला येतो. मधुमेह असल्यास आधी सांगा. न मिटणारा डोळा जपा: दिवसा थेंब, रात्री मलम व झाकण. नाहीतर बुबुळाला जखम होते. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो.

आणि गुरुजी, वर्गातल्या मुलाला असे झाले, तर त्याला कोणी वेडावणार नाही एवढे पाहा. मुलांना बोगद्याची गोष्ट सांगा, ती समजतील.