हाताचं काम डोळ्यांकडे

पावसाळ्यात बदलापूरहून जांभूळकडे किंवा बारवीच्या बाजूला गाडी काढली, की समोरची काच आतून धुरकट होते. त्या क्षणी चालकाला काचेवर हवा हवी असते, तीही ताबडतोब. हे एवढंसं काम गेल्या तीसेक वर्षांत गाडीच्या आत कुठून कुठे गेलं, याचा माग काढण्यासारखा आहे.

प्रीमियर पद्मिनीत फडकं हाताशी ठेवायचं आणि खिडकी बोटभर उघडायची. १९९४ मध्ये प्रीमियरच्या कल्याणजवळच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ निघू लागली, १९९८ मध्ये टाटाची इंडिका आली. एसी, पंखा, हवेची दिशा, सगळं नॉबवर आणि खटक्यांवर. जागा हाताला पाठ झाली की नजर रस्त्यावरच राहायची.

स्पर्शपडदा काही नवा नाही. ब्युइकने तो १९८६ मध्येच रिव्हिएरात बसवला होता. गिऱ्हाइकांना रुचला नाही, काही वर्षांत काढावा लागला. २०१२ मध्ये टेस्लाने मॉडेल एसमध्ये १७ इंची पडदा लावला आणि सगळा धंदा त्या वाटेने गेला. डझनभर बटणं, त्यांचे साचे, त्यांच्या वायरी यांपेक्षा एक पडदा स्वस्त पडतो, शिवाय शोरूममध्ये डोळ्यांत भरतो.

फायदाही झाला. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले आल्यावर नकाशा मांडीवरच्या फोनमधून डॅशबोर्डवर आला. पण पडदा तिथेच थांबला नाही. २०२३ च्या टाटा नेक्सॉनमध्ये एसीच्या बहुतेक बटणांच्या जागी स्पर्शाचं पॅनेल आलं. २०२४ च्या महिंद्रा एक्सईव्ही ९ई मध्ये तर १२.३ इंची तीन पडदे एका रांगेत. आपल्या रस्त्यांवर याची खरी परीक्षा होते: चाक खड्ड्यात आदळलं की बोट भलत्याच चौकोनावर पडतं आणि पंख्याऐवजी गाणं बदलतं. ते निस्तरायला पुन्हा नजर खाली.

याची किंमत २०२२ मध्ये 'व्ही बिलेगारे' या स्वीडिश मासिकाने मोजली. ताशी ११० किलोमीटर वेगात तीच ती चार कामं करायला बटणांच्या जुन्या, २००५ च्या व्होल्वो व्ही७० मध्ये १० सेकंद लागले. तोवर गाडी ३०६ मीटर गेली. पडद्याच्या एमजी मार्व्हल आर मध्ये ४४.९ सेकंद लागले, अंतर १,३७२ मीटर.

गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅपने यावर बोट ठेवलं. २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदत यांना हाताने चालणारी बटणं नसतील, तर पूर्ण गुण नाहीत. आपला भारत एनकॅप २०२३ मध्ये सुरू झाला तो धडकेत माणूस किती वाचतो हे तपासत. बटणांना त्यात गुण नव्हते. ते द्यायला हवेत, आणि युरोपच्या यादीत नसलेलं काचेवरच्या हवेचं बटण आपल्या यादीत आधी घालायला हवं. पाऊस आपल्याकडे चार महिने असतो.