चार चाकांचे बळ आणि जमिनीची पकड

पावसाळ्यात चढणीवर अडकलेली मोटार आपण सर्वांनी पाहिली आहे. इंजिन ओरडत असते, चिखलाचे शिंतोडे मागे ढकलणाऱ्यांच्या अंगावर उडत असतात, आणि गाडी तसूभरही पुढे सरकत नाही. उलट चाक आणखी खोल जाते. जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतो, "गाडीत जोरच नाही बघा." पण जोर नसता तर चाक एवढे गरगर फिरले असते का? जोर भरपूर आहे. कमी पडली आहे ती पकड.

अलीकडे काही मोटारी अशा येतात, की त्यांच्या चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळते, आणि कोणत्या चाकांना किती द्यायची हे गाडीतला संगणक ठरवतो. विकणारे या व्यवस्थेला 'इंटेलिजंट ऑल-व्हील ड्राइव्ह' म्हणतात. आपल्याकडे जीपवाले ज्याला 'फोर बाय फोर' म्हणतात, त्याचीच ही पुढची, जास्त शहाणी पिढी. ही व्यवस्था काय करते आणि काय करू शकत नाही, या दोन्ही गोष्टी आज समजून घेऊ. दुसरी गोष्ट ठाऊक नसली, तर घाटात आणि पुराच्या पाण्यात ती जिवावर बेतते.

आधी पकडीचा विचार करू. मोटार पुढे जाते, ती चाक जमिनीला मागे रेटते म्हणून. हा रेटा किती देता येईल, हे दोन गोष्टींवर ठरते. एक, चाकावर भार किती आहे. आणि दुसरी, टायर व जमीन एकमेकांना कितपत धरतात. थोडा हिशेब करू. शिक्षकबंधूंनी तो फळ्यावर मांडावा, मुलांना तो सहज समजेल.

समजा, माणसांसकट गाडीचे वजन १२०० किलो आहे, आणि ते चारही चाकांवर सारखे वाटले आहे. म्हणजे एका चाकावर ३०० किलो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक आपल्यावरच्या भाराच्या साधारण सात-आठ दशांश जोराने रेटू शकते. चिखलाच्या वाटेवर हेच प्रमाण तीन दशांश धरू. म्हणजे एका चाकाचा रेटा ९० किलोंचा झाला. आता समोर चढण अशी आहे, की पाच मीटर गेले की एक मीटर वर चढावे लागते. ती चढायला वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे २४० किलोंचा रेटा हवा. दोनच चाकांना शक्ती मिळत असेल, तर रेटा होतो १८० किलो. गाडी अडली! चारही चाकांना शक्ती मिळाली, तर रेटा होतो ३६० किलो. गाडी चढली! हिशेब ढोबळ आहे, पण मर्म एवढेच. पहिल्या गाडीला दुप्पट मोठे इंजिन बसवले, तरी १८० चे १८१ होणार नाहीत. चाक फक्त जास्त जोराने जागच्या जागी फिरेल.

वर्गात याचा प्रयोग करून पाहता येईल. एका विटेला दोरी बांधून ती शाळेतल्या स्प्रिंगच्या काट्याने कोरड्या फरशीवर ओढा, आणि काटा काय दाखवतो ते लिहून ठेवा. मग फरशीवर साबणाचे पाणी टाकून ओढा. नंतर विटेवर दुसरी वीट ठेवून ओढा. जमीन बदलली की आकडा बदलतो, भार बदलला की आकडा बदलतो, हे मुले स्वतःच सांगतील.

आता कोणी विचारील, की एवढे सोपे असेल तर सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना पहिल्यापासून शक्ती का दिली नाही? प्रयत्न झाले होते. हॉलंडमधल्या स्पायकर बंधूंनी १९०३ सालीच चारही चाके चालवणारी पेट्रोलची मोटार बनवली होती. अडचण येते ती वळणावर.

खळ्यातली मळणी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे चटकन कळेल. तिवड्याभोवती बैलांची पात फिरते, तेव्हा आतला बैल थोडे चालतो आणि बाहेरच्याला त्याच वेळात पुष्कळ चालावे लागते. मोटारीचेही तसेच. वळणावर बाहेरच्या चाकाची वाट लांब, आतल्याची आखूड. बैलगाडीची चाके आसावर सुटी फिरतात, म्हणून तिथे प्रश्न येत नाही. मोटारीत मात्र इंजिन चाकांना फिरवत असते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर वळताना एकाला फरफटावे लागेल. म्हणून मध्ये दातेरी चक्रांची एक जोडणी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. ती दोन्ही चाकांना सारखाच रेटा देते आणि वेगवेगळ्या वेगाने फिरू देते.

पण या गुणातच एक खोड आहे. दोन बैलांचे जू आठवा. एक बैल मागे राहिला, की जू तिरपे होते आणि दुसऱ्या बैलाची ताकद वाया जाते. डिफरन्शियलचेही असेच आहे. एक चाक शेवाळावर आले आणि त्याला १० किलोंचाच रेटा पेलवत असला, तर कोरड्या जागी असलेल्या जोडीदारालाही १० किलोंचाच रेटा मिळतो. बिनकामाचे चाक भिंगरीसारखे फिरते, कामाचे चाक उभे राहते. रुतलेल्या गाडीत आपल्याला हेच दिसते.

जुन्या जीपमध्ये यावर अर्धा उपाय होता. चिखल आला, की ड्रायव्हर दांडा ओढून पुढचा व मागचा आस एकमेकांना जोडून टाकी. चिखलात ही युक्ती चांगली चालते, कारण तिथे चाके थोडी घसरून आपापसांतला फरक भरून काढतात. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर ते जमत नाही. वळताना पुढच्या चाकांची वाट मागच्यांपेक्षा लांब असते. ती जोडून ठेवली, की दातेरी चक्रांवर ताण येतो, टायर घासतात, आणि गाडी वळायला कुरकुरते. म्हणून अशा गाडीच्या ड्रायव्हरने पक्का रस्ता लागताच दांडा परत ढकलला पाहिजे. आजही अशा जोडणीच्या गाड्या आहेत, आणि हा नियम त्यांना लागू आहे.

पक्क्या रस्त्यावरही चारही चाकांचे बळ वापरता यावे, या ध्यासाने ज्यांनी काम केले, त्यांत हॅरी फर्ग्युसन हे नाव शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. ट्रॅक्टरच्या मागे नांगर तीन ठिकाणी जोडून तो तेलाच्या दाबाने वरखाली करायची जी पद्धत आज जगभर चालते, ती रूढ करणारा हाच आयरिश माणूस. नांगराचा ओढा आणि चाकाची पकड यांचे नाते त्याने शेतात ओळखले होते. पुढे मोटारीही सुरक्षित व्हाव्यात म्हणून त्याने चारचाकी चालनेचे संशोधन हाती घेतले. १९६० साली तो वारला. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, त्याच्या पद्धतीने बनवलेली शर्यतीची मोटार इंग्लंडमधल्या ऑल्टन पार्क येथे ओल्या रस्त्यावर स्टर्लिंग मॉस याने चालवली आणि ती पहिली आली. १९६६ साली याच पद्धतीची जेन्सन एफएफ ही मोटार बाजारात आली. ती महाग होती. एकूण ३२० च बनल्या. १९८० मध्ये जर्मनीतील आउडी कंपनीची क्वात्रो मोटार आली, पुढे तिने शर्यतींत नाव काढले, आणि मग ही कल्पना सर्वत्र पसरली.

मग आजच्या व्यवस्थेत 'शहाणपण' ते कोणते? चाकांजवळ वेग मोजणारी छोटी उपकरणे बसवलेली असतात. ड्रायव्हरने स्टिअरिंग किती फिरवले, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला, गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, हेही मोजले जाते. ही सारी माहिती संगणकाकडे जाते. पुढच्या व मागच्या आसांमध्ये क्लचच्या चकत्यांची एक चळत असते. अशा पुष्कळ गाड्यांत साध्या रस्त्यावर ती सैल असते. शक्ती बहुतेक पुढच्याच चाकांना जाते आणि इंधन वाचते. पुढचे चाक घसरू लागले, की संगणक क्षणार्धात चकत्या दाबतो आणि मागच्या चाकांकडे शक्ती वळवतो. चकत्या किती दाबायच्या, हे त्याच्या हाती असते. म्हणून जोडणी घट्ट किंवा सैल, हवी तशी होते. काही गाड्यांत ड्रायव्हरने जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबताच, चाक घसरण्याआधीच ही तयारी होते.

आणि ते भिंगरीसारखे फिरणारे एकटे चाक? त्याच्यापुरता ब्रेक संगणक लावतो. त्या चाकाला आता जोर लावल्याशिवाय फिरता येत नाही, म्हणून जोडीदारालाही तितकाच जोर मिळतो. मागे राहणाऱ्या बैलाला धरून जू सरळ करावे, तसे हे आहे. विजेवर चालणाऱ्या काही मोटारींत पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटर असतात. तिथे मधला दांडाही लागत नाही आणि विभागणी आणखी झटपट होते.

चढणीखेरीज याचा दुसरा उपयोग वळणावर आहे. चाकाच्या पकडीची थैली एकच असते. पुढे रेटायचे, ब्रेक लावून थांबवायचे, वळणावर गाडीला आत धरून ठेवायचे, हे सगळे खर्च त्याच थैलीतून भागवायचे. पुढच्याच चाकांना शक्ती असेल आणि ड्रायव्हरने ओल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर थैली रेटण्यातच रिकामी होते. गाडी स्टिअरिंगचे न ऐकता वळणाबाहेर सरकते. मागच्याच चाकांना शक्ती असेल, तर गाडीची शेपटी बाहेर फिरते. रेटण्याचा भार चौघांत वाटला, की प्रत्येकाच्या थैलीत वळण्यासाठी चार पैसे शिल्लक राहतात. गाडी सांगितल्या वाटेने जाते. ही विभागणी क्षणोक्षणी बदलता येते, हाच संगणकाचा फायदा.

इथवर गुण झाले. आता मर्यादा सांगतो, आणि या नीट ध्यानात ठेवा. ही व्यवस्था पकड निर्माण करीत नाही. जमिनीने जेवढी दिली, तेवढी ती नीट वाटते.

म्हणूनच गाडी थांबवताना तिचा उपयोग जवळजवळ नसतो. ब्रेक तर साध्या मोटारीतही चारही चाकांना असतात. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरमध्ये थांबते. पकड निम्मी झाली, की तिला सुमारे ४० मीटर लागतात. त्याआधी धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी १७ मीटर झाले. गाडी साधी असो की चारचाकी चालनेची, हे आकडे सारखेच. तीच गाडी ताशी ४० ने आली, तर त्याच ओल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर १८ मीटर पुरतात. वेग तिसऱ्या हिश्श्याने कमी केला आणि अंतर निम्म्याहून कमी झाले! धोका इथेच आहे. साध्या गाडीचे चाक घसरते आणि रस्ता निसरडा असल्याची ड्रायव्हरला सूचना मिळते. शहाणी गाडी बिनबोभाट वेग घेते, ड्रायव्हरला रस्ता चांगलाच वाटतो, आणि खरी स्थिती पुढच्या वळणावर ब्रेक दाबल्यावर कळते. आंबोली किंवा ताम्हिणीचा घाट पावसात उतरताना वेग आधीच कमी हवा आणि गाडी खालच्या गिअरमध्ये हवी.

दुसरी मर्यादा पाण्याची. फरशी पुलावरून पाणी वाहत असते आणि कोणी म्हणतो, "आपली फोर बाय फोर आहे, निघेल." पुन्हा हिशेब करू. गाडीचा तळ साधारण ४ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, म्हणजे ६ चौरस मीटर. पाणी तळाच्या वर १० सेंटीमीटर चढले, की आत शिरण्यापूर्वी गाडीने ६०० लिटर पाणी बाजूला सारलेले असते. आर्किमिडीजचा नियम शाळेत शिकलो, त्याप्रमाणे ६०० किलोंचा भार पाण्याने उचलून धरला. १२०० किलोंच्या गाडीचे चाकांवर निम्मेच वजन उरले, म्हणून पकडही निम्मी झाली. २० सेंटीमीटर चढले, की गाडी तरंगू लागते, आणि वाहते पाणी तिला बाजूने ढकलतच असते. चाके जमिनीला टेकलेलीच नसतील, तर संगणकाने वाटायचे तरी काय? पुलावरून पाणी वाहत असेल, तर थांबावे. पाणी ओसरते, गेलेला माणूस परत येत नाही.

शेवटी टायरविषयी दोन शब्द. जमिनीला टेकतो तो टायरच, आणि एका टायरचा टेकलेला भाग तळहाताएवढाच असतो. ओल्या रस्त्यावर टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली, तर आपल्या कायद्याप्रमाणे तो टायर चालत नाही. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की बदलावा. चारचाकी चालनेच्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत. नाहीतर लहानमोठी चाके सतत वेगवेगळ्या वेगाने फिरतात, संगणकाला चाक घसरल्याचा भास होतो, आणि क्लचच्या चकत्या विनाकारण तापतात. अशी गाडी बंद पडली, तर दोन चाके उचलून व दोन जमिनीवर ठेवून ओढून नेऊ नये. चारही चाके उचलून न्यावी.

जुन्या टायरांवर पळणाऱ्या शहाण्या गाडीपेक्षा, चांगल्या टायरांची साधी गाडी आणि पाऊस पाहून पाय आवरणारा ड्रायव्हर पावसाळ्यात जास्त भरवशाचे. आणि चांगले टायर, जपून चालवणारा ड्रायव्हर आणि चारही चाकांचे बळ, ही तिन्ही एकत्र आली, तर आडवाटेच्या गावाला आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोहोचवायला तिच्यासारखा दुसरा सोबती नाही.