सायकल निघाली परदेशी, पण पेटीचे काय?

- प्रतिनिधी

चाकणच्या कारखान्यातून गिअरबॉक्सचा एखादा सुटा भाग जर्मनीला रवाना व्हायचा असेल, तर त्यामागे अख्खा विभाग राबत असतो. पेटी कोणत्या मापाची, फोम किती जाडीचा, लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का आहे की नाही, कागदांवर सही कुणाची, हे सारे आधीच ठरलेले असते. त्याच कारखान्यातल्या तरुण अभियंत्याला स्वतःची सायकल घेऊन युरोपातल्या स्पर्धेला जायचे झाले, की मात्र निर्यात अधिकारी, पॅकिंग कामगार आणि हमाल या तिन्ही भूमिका त्याला एकट्यालाच वठवाव्या लागतात.

माउंटन बाइक ओरिएंटियरिंग हा खेळ आपल्याकडे अद्याप फारसा परिचित नाही. जंगलात ठिकठिकाणी नियंत्रण-बिंदू मांडलेले असतात. नकाशा हाती पडतो तो सुरुवातीच्या सुमारास. बिंदू ठरलेल्या क्रमानेच गाठायचे, मधली वाट मात्र ज्याने त्याने निवडायची. नकाशा हँडलवर बसविलेल्या फिरत्या पाटीवर असतो आणि त्यावरील रेषेच्या जाडीवरून व तुटकपणावरून ती वाट किती वेगाने सायकल चालविण्याजोगी आहे, हे ओळखायचे असते. वाट शोधण्यासाठी जीपीएसचा आधार घेता येत नाही. सायकल वाटेत मोडली तर स्वतःच दुरुस्त करायची, नाही तर ती खांद्यावर घेऊन पुढे जायचे. सोडून देण्याची मुभा नाही. या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००२ मध्ये फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे झाली.

आपल्याकडील डोंगरभटक्यांना सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांची सवय. या खेळातील नकाशे बहुधा १:१०,००० किंवा १:१५,००० प्रमाणाचे असतात. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर शंभर-दीडशे मीटर, आणि वेगात असलेल्या सायकलस्वाराला तो काही सेकंदांत संपतो. घोराडेश्वर किंवा भंडारा डोंगराच्या वाटा पायाखालच्या असल्या, तरी त्यांचा असा तपशीलवार नकाशा हाती नसतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे तयार करण्यावरील निर्बंध बरेच सैल केले, त्यामुळे सरावापुरता नकाशा काढणे आता पूर्वीइतके अवघड नाही. लष्करी हद्दीचे भान मात्र देहूरोड परिसरात ठेवावेच लागते.

तिथेच सायकल भाड्याने का घेऊ नये, असा प्रश्न सहज पडेल. सायकलची बैठक अंगवळणी पडलेली असते, हे कारण आहेच. पण त्याहून गंभीर कारण ब्रेकचे आहे. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, युरोप खंडात तो डाव्या हाताला. उतारावर नजर नकाशात असताना हात जुन्या सवयीने चालतो, आणि सायकलस्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो.

महाराष्ट्रातील सायकलपटूंनी हे ओझे यापूर्वीही वाहिले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. त्यात एका खंडातून दुसऱ्या खंडात जाताना सायकलही विमानाने न्यावी लागे.

पेटीसाठी फार खर्च करण्याची गरज नाही. सायकलच्या दुकानात नवा माल उतरला, की रिकामे खोके मिळते. दोन्ही चाके, पेडल, हँडल आणि मागचा डिरेलर सुटा करावा. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, हे विसरून ऐनवेळी जोर लावणारे पुष्कळ. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची चकती अडकवावी. अन्यथा चाक काढलेले असताना लिव्हर दाबला गेला, तर पॅड चिकटून बसतात. फ्रेमच्या फाट्यांमध्ये आधाराचा तुकडा हवाच, कारण पेटीवर दुसरे सामान रचले जाणार हे गृहीत धरायचे असते. कच्च्या लाकडाची पेटी वापरू नये. त्या उष्णता-प्रक्रियेच्या शिक्क्याचा प्रश्न उगाच ओढवतो. भोसरीतील कोणताही पॅकिंगवाला हे सांगेल.

हत्यारे केबिनमध्ये नेता येत नाहीत, ती पेटीतच हवीत. पॉवर बँकेचे नेमके उलट, ती केबिनमध्येच. हवा भरण्याच्या छोट्या सिलिंडरांबाबत कंपनीची आगाऊ परवानगी घ्यावी. साधा पंप बरा. वजन २३ किलोच्या आत बसले तरी पेटी नेहमीच्या मापात बसत नाही, म्हणून तिकीट काढतानाच सायकलची नोंद करावी. शेवटचा टप्पा छोट्या विमानाचा असेल, तर पेटी त्यात मावते का, हेही विचारावे.

आणि पेटी फुटलीच तर? माँट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीसाठी विमान कंपनीचे दायित्व प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर, म्हणजे सुमारे पावणेदोन ते दोन लाख रुपये इतके मर्यादित आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीपासून ही मर्यादा लागू झाली. कार्बन फ्रेमची चांगली सायकल याहून महाग असू शकते. पेटी सोपवितानाच जादा किंमत जाहीर करून अधिक शुल्क भरण्याची तरतूद आहे, पण तिची माहिती फार थोड्यांना असते. तक्रारीची मुदत नुकसानीसाठी सात दिवस, विलंबासाठी २१ दिवस. मात्र पेटी विमानतळावरच उघडून पाहावी आणि लेखी नोंद घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.

सायकल नवी दिसत असेल, तर जातानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यात बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेला फ्रेम क्रमांक नोंदवून घ्यावा. त्यामुळे परतताना ‘परदेशात खरेदी केली का’ या प्रश्नाला कागदाने उत्तर देता येते. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जायचे असेल, तर टायरच्या खाचांतील माती दात घासायच्या ब्रशने काढावी. तिथे मातीची कसून तपासणी होते.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण लागते. अनेक विमा पत्रकांत स्पर्धात्मक खेळ वगळलेले असतात, ते बारीक अक्षर वाचून घ्यावे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. युरोपातील मोठ्या स्पर्धा बहुधा उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात येतात आणि त्यासाठीचे अर्ज आपल्या सुट्यांच्या गर्दीत सापडतात. त्यामुळे जुलैत स्पर्धेला जायचे असेल, तर व्हिसा केंद्रातील भेटीची तारीख फेब्रुवारीतच शोधायला लागणे बरे.