प्रतिकृती किती खरी?

१९५७ सालची शेव्हरोले बेल एअर ही अमेरिकन मोटार अनेकांनी निदान चित्रात तरी पाहिली असेल. मागील बाजूस उंचावलेले पंखासारखे कंगोरे आणि चकाकणारे क्रोमचे काम ही तिची ओळख. या मोटारीचे प्लास्टिकच्या सुट्या भागांचे संच मिळतात. ते जोडले की वीतभर लांबीची प्रतिकृती तयार होते. खोक्यावर १:२५ किंवा १:२४ असे प्रमाण छापलेले असते. हे प्रमाण खरे आहे की नाही, ते कसे तपासावे?

प्रथम या दोन आकड्यांकडे पाहू. १:२४ हे प्रमाण फूट-इंचांच्या पद्धतीतून आले. एक फूट म्हणजे १२ इंच. प्रतिकृतीत त्याचा अर्धा इंच होतो. १:२५ रुळले ते जाहिरातीच्या नमुन्यांमुळे. १९४८ साली स्थापन झालेली एएमटी ही अमेरिकन कंपनी मोटार विक्रेत्यांसाठी नव्या मोटारींच्या तयार प्रतिकृती बनवीत असे. १९५८ पासून तिने त्याच धर्तीवर सुट्या भागांचे संच बाजारात आणले.

२४ आणि २५ यांत फरक तो किती? लांबीत सुमारे ४ टक्के. परंतु घनफळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून घनफळात हाच फरक १३ टक्के होतो. दोन्ही मोटारी शेजारी ठेवल्या की एक थोराड दिसते, ती यामुळेच.

आता मापन करू. बेल एअरच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ११५ इंच, म्हणजे २९२१ मिलिमीटर आहे. १:२५ प्रमाणात ते ११६.८ मिमी, तर १:२४ मध्ये १२१.७ मिमी भरेल. साध्या पट्टीने मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तरी ती अर्ध्या टक्क्याहून कमी. निर्णय निःशंकपणे करता येतो.

तेच आपण चाकावरून ठरवू गेलो तर? रिमचा व्यास १४ इंच. तो १:२५ मध्ये १४.२ मिमी आणि १:२४ मध्ये १४.८ मिमी. फरक जेमतेम ०.६ मिमी आणि आपली चूक ०.५ मिमी! शिवाय १४ इंच हा टायर जेथे बसतो त्या जागेचा व्यास. रिमची बाहेरून दिसणारी कड त्याहून मोठी असते. पहिली चूक पुनःपुन्हा मोजून कमी करता येते. दुसरी चूक मात्र हजार वेळा मोजूनही तशीच राहते, कारण आपण मोजतो आहोत ती वस्तूच वेगळी आहे.

समजा, सर्व लांब्या जुळल्या. मग प्रतिकृती अचूक झाली का? मोटारीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाड असतो. १:२५ मध्ये तो ०.०४ मिमी हवा, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्याहूनही पातळ. एवढ्या अरुंद पोकळीतून वितळलेले पॉलिस्टायरीन साच्यात सर्वदूर पोहोचणार नाही, आणि पोहोचले तरी ते कवच हाताळता येणार नाही. म्हणून प्लास्टिक सुमारे एक मिलिमीटर जाडच ठेवतात. खऱ्या मोटारीच्या हिशेबाने हा पत्रा एक इंच जाड झाला! जाणकार छंदिष्ट चाकांवरील कमानीच्या कडा आतून घासून पातळ करतात. जाडी तशीच राहते. फक्त दिसणारी कड फसवते.

साचा बनविणाऱ्यालाही हिशेब चुकत नाही. प्लास्टिक निवताना सुमारे अर्धा टक्का आकसते. बेल एअरची पूर्ण लांबी २०० इंच. प्रतिकृतीत ती २०३.२ मिमी. ती नेमकी यावी म्हणून साचा सुमारे एक मिलिमीटरने लांब कोरावा लागतो. पूर्वी १:१० प्रमाणाचा मोठा लाकडी नमुना घडवून पँटोग्राफ यंत्राने त्याचा आकार लहान करीत पोलादात उतरवीत. त्यात एक फायदा होता. लाकडावर अर्ध्या मिलिमीटरची चूक राहिली, तर साच्यात ती अडीचपट लहान, म्हणजे ०.२ मिमी होई.

तात्पर्य, ‘प्रतिकृती अचूक आहे’ हे विधान अपुरे आहे. कोणत्या बाबतीत आणि किती चुकीच्या मर्यादेत, हे सांगितल्यावरच त्याला अर्थ येतो. पृथ्वीचा गोल, हृदयाचा प्लास्टरचा नमुना, अणूचे चित्र, सर्वांनाच हे लागू आहे. गोलावर हिमालय हाताला लागत असेल, तर त्याची उंची प्रमाणात नाही, हे विद्यार्थ्यांना सांगायलाच हवे.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करून पाहावा. बुडाशी प्रमाण कोरलेली एखादी खेळण्यातील मोटार वर्गात आणावी. मूळ मोटारीची मापे मिळवून लांबी, रुंदी, उंची आणि आसांमधील अंतर यांची गुणोत्तरे काढण्यास सांगावे. चार उत्तरे क्वचितच सारखी येतील. कोणत्या उत्तरावर अधिक विश्वास ठेवायचा आणि का, ही चर्चा सुरू झाली की मापनाचा धडा विद्यार्थ्यांच्या हाती लागला असे समजावे.