धाक, लाड आणि विश्वास

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला म्हणजे स्नेहलतागंजातील घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो, 'गुण किती मिळाले?' ते मिळविण्याची इच्छा मुलाच्या मनात कशाने उत्पन्न झाली, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६६ साली पालकांचे तीन प्रकार वर्णिले. काही पालक केवळ हुकूम सोडतात, कारण सांगत नाहीत. काही सर्व हट्ट पुरवितात, शिस्त लावीत नाहीत. तिसरे पालक नियम घालतात व तो पाळावयास लावतात. परंतु त्याचे कारण समजावून देतात आणि मुलाचे म्हणणेही ऐकून घेतात.

धाकाने अभ्यास होतच नाही असे नव्हे. पण ज्याचा धाक, तो दृष्टीआड होताच पुस्तक मिटते. शिवाय असे मूल प्रगतिपुस्तक लपविते, अडलेले गणित विचारावयास कचरते. आणि अडलेले तसेच राहिले की पुढचेही अडते. अतिलाडातील मुलाची अडचण निराळी. कठीण विषय दिसताच तो सोडून देण्याची त्याला सवय जडते.

१९३५ साली प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मधील घर आम्हां कोकणातल्या माणसांस आपलेच वाटते. पोहण्यास भिणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते. तो परत आल्यावर तीच त्याला जवळ घेते आणि लोकांनी त्याला भित्रा म्हणू नये, म्हणून आपण कठोर झालो हे समजाविते. त्या माराचे अनुकरण कोणी करू नये. घ्यावयाचा तो त्यामागचा जिव्हाळा व दिलेले कारण.

१९८७ साली डॉर्नबुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील सुमारे ७,८०० विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तिसऱ्या प्रकारच्या घरांतील मुलांचे गुण सामान्यतः अधिक आढळले. आशियाई कुटुंबांत मात्र हा संबंध तितका स्पष्ट नव्हता. तेव्हा परक्यांचे माप आपल्या घरास जसेच्या तसे लावून चालणार नाही.

आपले माप आपल्या इतिहासातही सापडेल. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. मल्हाररावांनी सुनेस सती जाऊ दिले नाही. उलट कारभाराची जबाबदारी तिच्यावर टाकली. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य सांभाळले, त्यामागे सासऱ्याचा हा विश्वास होता.

पालकांनो, आज घरी गुणांपूर्वी 'काय अडले?' असे विचारून पाहा. आणि विद्यार्थ्यांनो, त्या प्रश्नाचे उत्तर खरे द्या. विश्वास एका हाताने उभा राहत नाही.