आधी माप, मग भाव

घराचं काम काढायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, 'सध्या काय रेट चाललाय?' गिलाव्याचा रेट, टाइल बसवायचा रेट, वॉर्डरोबचा रेट. शेजारी एक आकडा सांगतात, ऑफिसातले दुसरा. त्या आकड्यांच्या बळावर तीन कोटेशनं मागवली जातात आणि बहुतेक घरांत त्यातलं मधलं निवडलं जातं. ओळखीपाळखीतल्या लोकांची अशी कोटेशनं मी वर्षानुवर्षं हौसेने वाचत आले आहे. कोणाच्या घरी काम निघालं की मी टेप घेऊन हजर असते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: रेट हा कोटेशनमधला सर्वांत दिखाऊ आकडा. पैसा जातो तो मापात.

एक साधी खोली घ्या. बारा बाय दहा, उंची साडेनऊ फूट. चार भिंती मिळून ४१८ चौरस फूट, छत १२०, एकूण ५३८. सात बाय तीनचा एक दरवाजा आणि पाच बाय चारची एक खिडकी, म्हणजे ४१ चौरस फूट उघडी जागा. आता उदाहरणापुरतं धरा की एक रंगारी २२ रुपये फूट सांगतो आणि दार-खिडकी वजा करत नाही. दुसरा २३ सांगतो आणि वजा करतो. पहिल्याचं बिल ११,८३६ रुपये, दुसऱ्याचं ११,४३१. महाग वाटलेला माणूस स्वस्त पडला. खोली एकच होती म्हणून फरक चारशेचा. बाल्कनीचे सरकते दरवाजे असलेल्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हाच फरक कुठे जाईल, ते ज्याचं त्याने मोजावं.

पण वजावट कशी करायची, याचाही एक न्याय आहे, आणि माझा जीव खरा अडकला आहे तो इथे. बांधकामाची मोजमापं कशी घ्यावीत यासाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस १२००. त्याचे बरेच भाग आहेत. गिलाव्याचा भाग बारावा. त्यात म्हटलं आहे की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांपर्यंतचं भगदाड वजाच करायचं नाही. अर्धा ते तीन चौरस मीटर असेल आणि भिंतीला दोन्ही बाजूंनी सारखाच गिलावा असेल, तर एकाच बाजूचं वजा करायचं. तीन चौरस मीटरच्या वर गेलं की दोन्ही बाजू वजा, पण मग आतल्या कडा वेगळ्या मोजून धरायच्या.

हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. सात बाय तीनचा दरवाजा २१ चौरस फुटांचा, म्हणजे दोन चौरस मीटरच्या किंचित आत. तो मधल्या गटात पडतो. एक बाजू वजा झाली, दुसरी का नाही? कारण नऊ इंची भिंतीत त्या दाराच्या दोन उभ्या आणि एक आडवी अशी १७ फूट लांबीची कड गवंड्याला घडवावी लागते. तिचं क्षेत्रफळ जेमतेम पावणेतेरा चौरस फूट, पण तिथे ओळंबा लावावा लागतो, गुण्या धरावा लागतो, धार सरळ यावी लागते. सपाट भिंतीपेक्षा कडेला हात जास्त चालतो. न वजा केलेली बाजू ही त्या हाताची मजुरी. नियम करणाऱ्याने कधीतरी गवंड्याशेजारी उभं राहून काम पाहिलेलं असणार, असं मला हे कलम वाचताना नेहमी वाटतं. म्हणून 'दार-खिडकी सगळं वजा करा' असा हट्ट धरणाऱ्या घरमालकाची बाजू मी घेत नाही. काहीच वजा न करणाऱ्या ठेकेदाराचीही नाही.

हे वेड मला लावलं ते आमच्या जुन्या वाड्यातल्या ओव्हरसियरकाकांनी. सार्वजनिक बांधकाम खात्यातून ते निवृत्त झाले होते. खात्यात मोजमाप पुस्तिका असते, सगळे तिला 'एमबी' म्हणतात. तिची पानं छापील क्रमांकांची, नोंद जागेवरच शाईने करायची, खोडरबर चालत नाही. चूक झाली तर आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. काकांनी स्वतःच्या घराच्या दुरुस्तीलाही शंभरपानी वहीत अशीच एमबी ठेवली होती. रकाने सहा: कामाचं नाव, नग, लांबी, रुंदी, उंची, आणि शेवटी गुणाकार. संध्याकाळी मिस्त्रीला शेजारी बसवून टेपचं एक टोक त्याच्या हातात द्यायचे आणि आकडा त्यालाच मोठ्याने वाचायला लावायचे. बिलाच्या दिवशी त्यांच्या घरी भांडण झालेलं मला आठवत नाही. आकडा मिस्त्रीच्याच तोंडून आलेला असे.

माझा आग्रह असा की कोटेशन मागवायच्या आधी कामाचा असा एक कागद आपणच तयार करावा. कुठे काय करायचं, किती करायचं, त्यात काय-काय धरलेलं आहे, हे लिहायचं आणि रेटचा रकाना कोरा ठेवून तोच कागद तिघांच्या हातात द्यायचा. मग येणारी तीन उत्तरं एकमेकांशेजारी ठेवता येतात. वाक्यरचना कशी असावी हे शिकायचं तर खात्याची दरसूची चाळावी. तिथे नुसतं 'प्लास्टर' असं नसतं. किती जाडीचा, सिमेंट-वाळूचं प्रमाण काय, परांची धरून की सोडून, पाणी मारणं कोणाकडे, सगळं एका लांबलचक वाक्यात बांधलेलं असतं. वाचायला रुक्ष, पण वादाला जागा नाही. तिथले दर घरगुती छोट्या कामाला लागू पडत नाहीत. आपण उचलायची ती भाषा.

प्रत्येक कारागिराचं माप निराळं. गिलावा, रंग, फरशी चौरस फुटावर किंवा ब्रासवर. क्षेत्रफळाचा ब्रास शंभर चौरस फुटांचा, वाळू-खडीचा शंभर घनफुटांचा. स्कर्टिंग, ओट्याची कडा, ग्रिलचं काम रनिंग फुटावर. इलेक्ट्रिशियन पॉइंटवर. त्याला विचारावं की झिरी मारून पाइप टाकणं आणि ती झिरी बुजवणं तुझ्याकडे की गवंड्याकडे? हा प्रश्न कोणीच विचारत नाही, आणि मग भिंतींवरच्या चरांचा खर्च अनाथ राहतो. सुतार कपाट समोरून मोजतो. सात बाय सातचं वॉर्डरोब ४९ चौरस फूट, वरचा सात बाय दोनचा लॉफ्ट १४. लॉफ्टला ड्रॉवर नाहीत, आतले कप्पे नाहीत, तरी एकाच रेटने ६३ फूट लावले जातात. लॉफ्टचा रेट वेगळाच मागावा.

प्लायवुडसाठी मी पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाते. तिथे दुकानांच्या दारांत उभ्या केलेल्या शीटांच्या कडा बघत हिंडणं हा माझ्या आवडीचा वेळ. कडेला थर दिसतात, पोकळ्या दिसतात. शीट आठ बाय चारची, ३२ चौरस फूट. नेहमीच्या प्लायला आयएस ३०३, मरीनला ७१०, हे शिक्के शीटवरच असतात. कोटेशनमध्ये 'चांगल्या कंपनीचं प्लाय' असं लिहिलेलं असेल तर ते खोडून मानक क्रमांक, ग्रेड आणि जाडी लिहून घ्यावी. सनमायका एक मिलिमीटरचा की ०.८चा, बिजागऱ्या कोणत्या, हेही.

टाइलचं एक गणित तर मी भेटेल त्याला सांगते. दोन बाय दोनची म्हणून विकली जाणारी टाइल खरी ६०० मिलिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. चार टाइल्सचा बॉक्स '१६ फूट' म्हणून मोजला जातो, तो भरतो साडेपंधरा. पाचशे फुटांच्या हॉलला ३२ बॉक्स पुरतील असं वाटतं, लागतात ३३, तेही तूटफूट आणि कापाकापी न धरता. ती पाच ते दहा टक्के वेगळी. आणि हे सगळे बॉक्स एकदमच, एकाच बॅचचे घ्यावेत, कारण मागाहून आणलेल्या बॉक्सची छटा जुळेलच असं नाही. उरलेल्या चार टाइल्स माळ्यावर टाकून ठेवाव्यात. दहा वर्षांनी नळाचा पाइप फुटला की त्यांचं मोल कळतं.

कागदोपत्री बाबींचं थोडक्यात सांगते. सोसायटीला लेखी कळवावं. कॉलम, बीम आणि स्लॅबला हात लावू नये. नोंदणीकृत ठेकेदाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटी येतो, तेव्हा कोटेशन करासह की कराशिवाय हे विचारावं. सिमेंटवरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. दुरुस्तीसाठी कर्ज काढलं असेल तर जुन्या करप्रणालीत राहत्या घरासाठी वर्षाला ३० हजारांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते. फ्लॅट नवा असेल तर फोडाफोडीआधी ताब्याची तारीख बघा: रेरा कायद्याप्रमाणे बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते.

बजेटमध्ये जे हटकून सुटतं ते म्हणजे राडारोडा. तोडलेली फरशी गोण्यांत भरणं, मजल्यावरून उतरवणं, टेम्पो, हे सगळं 'ते बघू नंतर' या खात्यात जातं. मी गोणीमागे दर आधीच ठरवून घेते. मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, तिचाही विचार व्हावा. शिवाय एकूण बेरजेवर १५ टक्के बाजूला ठेवावेत. दहा पुरतात असं म्हणणारे आहेत, पण जुन्या इमारतीत बाथरूमची लादी उचलल्याशिवाय खाली गंजलेला जीआय पाइप आहे की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.

बाथरूमवरच थांबते, कारण सगळ्यात जास्त पैसा वाया जाताना मी तिथेच पाहिला आहे. गळती कुठून आहे याची पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये करावी, कारण ओल तेव्हाच खरं बोलते; काम मात्र उन्हाळ्यात काढावं. कोटेशनमध्ये वॉटरप्रूफिंगची ओळ एकच नसावी. जुनं तोडणं, पाइप बदलणं, टाइल लावण्याआधी त्या पाइपांची दाबावर चाचणी, कोटिंगचे हात, ब्रिकबॅट कोबा, नहाणी ट्रॅपकडे उतार, हे वेगवेगळं लिहून घ्यावं. शिवाय एक ओळ पाणी भरून ठेवायची: ट्रॅपचं तोंड बंद करायचं, पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची आणि ४८ तासांनी खूण तर पाहायचीच, खालच्या मजल्यावरच्यांचं छतही जाऊन पाहायचं. माझ्या मावशीच्या घरी हे केलं तेव्हा एका कोपऱ्यात खाली ओल उमटली. टाइल अजून लागलेली नव्हती, म्हणून दुरुस्ती एका दिवसात आणि ठेकेदाराच्याच खर्चाने झाली.

पैसे टप्प्याने द्यावेत आणि टप्पा तारखेला नव्हे, कामाला बांधावा: तोडफोड पूर्ण, पाइपची चाचणी पूर्ण, टाइल पूर्ण. सुरुवातीची उचल मालापुरती. जे कारागीर गावाहून आलेले असतात ते दिवाळी-होळीला घरी जातात. त्यांचा हिशेब सणाआधी चोख करावा, झालेल्या कामाची मापं त्यांच्यासमोर घेऊनच. वॉटरप्रूफिंगच्या बिलातले दहा टक्के मात्र पुढचा पावसाळा सरेपर्यंत रोखून धरायचे, आणि ही अट कोटेशन मागतानाच कागदावर लिहायची, म्हणजे ज्याला ती मान्य नाही तो रेट भरायच्या आधीच सांगेल.