ऑपरेशन पोटाचे, काळजी छातीची

पित्ताशयाचे ऑपरेशन ठरले की आपण पैशांची जुळवाजुळव करतो, रक्त तपासतो, साखर पाहतो. अब्बांच्या जुन्या दम्याचा विषय मात्र निघत नाही. डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतील, या भीतीने आपण तो कधी मुद्दामच टाळतो. धोका नेमका इथे आहे.

पूर्ण भूल दिल्यावर फुप्फुसांचा खालचा काही भाग मिटतो. शुद्धीवर आल्यावर टाके दुखतात, म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साठतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. फुप्फुसे आधीच दुबळी असतील तर धोका वाढतो. छातीच्या आणि पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनात तो सर्वाधिक असतो.

हा आजार फक्त विडी ओढणाऱ्यांचा नाही. चुलीच्या धुरात भाकऱ्या भाजत आलेल्या दादीला, भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर कापसाच्या धुळीत राबलेल्या चाचांनाही तो असू शकतो. जिना चढताना धाप लागते, रोज कफ पडतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. दम्याचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नये. ऑपरेशनच्या दिवशी तो घ्यायचा का, हे विचारून घ्यावे आणि दवाखान्यात सोबत न्यावा. विडी-सिगारेट किमान ४ आठवडे आधी सोडावी.

दुसरी तयारी जवळजवळ बिनखर्चाची आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाचे ऑपरेशन होणार असलेल्या ४४१ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहींना नुसती माहितीपुस्तिका दिली, तर काहींना त्यासोबत फिजिओथेरपिस्टने अर्धा तास श्वासाचे व्यायाम शिकवले. पहिल्या गटात २७ टक्के रुग्णांना छातीचा त्रास झाला, दुसऱ्या गटात १२ टक्क्यांना. म्हणून हे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्यावेत.

नंतरचे काम घरच्यांचे. डॉक्टरांच्या परवानगीने रुग्णाला उशांच्या आधाराने बसवावे, जागेपणी तासातासाला खोल श्वास घ्यायला लावावे, टाक्यांवर उशी दाबून खोकायला सांगावे आणि लवकर चालवावे. दुखते म्हणून पडून राहू देणे ही माया नव्हे. वेदना कमी करण्याचे औषध मागावे. इयादतीला येणाऱ्यांची गर्दी टाळावी. सर्दी-खोकला असलेल्यांनी फोनवरच खुशाली विचारावी.

ताप, वाढती धाप, पिवळा-हिरवा कफ किंवा बोलण्यात असंबद्धपणा दिसला, तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवावे.